हेडसेट घेण्याआधी चार पानं लिहा

समजा, तुम्हाला गाविलगडावर गेम करायचाय. साधा मोबाइल गेम नाही. हेडसेट डोळ्यांवर चढवला की खेळणारा थेट तटावर उभा, खाली दरी, समोर धूर. राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत एक लॅपटॉप आहे, दोन मित्र आहेत, उत्साह भरपूर आहे. पहिलं काम कोणतं कराल?

बहुतेक जण युनिटी नाहीतर अनरिअल उघडतात आणि दरवाजा बनवायला घेतात. दोन महिन्यांनी दरवाजा झकास दिसतो. दगडावर ऊन पडतं, कोरीव काम उठून दिसतं. पण त्या दरवाज्यातून आत गेलेल्या माणसानं करायचं काय, याचं उत्तर अजून कोणाकडेच नसतं. आणि दोन महिने दरवाज्यात घातल्यावर तो काढून टाकायची कोणाची हिंमत होत नाही.

माझ्या पीएच.डी.चं काम याच टप्प्याभोवती आहे. प्रश्न सोपा आहे: असा आत ओढून घेणारा गेम बांधण्याआधी त्याचा कच्चा नमुना नुसत्या मजकुरात करता येतो का? करता येत असेल, तर त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही? नाटकवाल्यांना हे नवीन नाही. एकांकिका बसवताना पहिल्या दिवशी कोणी नेपथ्याचे खिळे ठोकत नाही. आधी वाचन होतं. गोल करून बसायचं, संहिता वाचायची, कुठं गाडी अडते ते बघायचं. गेमच्या दुनियेत या वाचनाची जागा इंटरॅक्टिव्ह फिक्शन घेऊ शकतं.

इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणजे नेमकं काय?

वाचणाऱ्याच्या निवडीवर पुढं सरकणारी गोष्ट. एक परिच्छेद वाचायचा, खाली दोन-तीन पर्याय असतात, त्यातला एक दाबायचा, की पुढचा परिच्छेद येतो. दुसऱ्या प्रकारात पर्याय दिलेलेच नसतात. तुम्ही स्वतः 'दार उघड' असं टाइप करायचं आणि संगणक त्याचा अर्थ लावतो.

दोन्हींसाठी फुकट साधनं आहेत. पर्यायवाल्या गोष्टींसाठी ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेलं ट्वाइन आहे. ते ब्राउजरमध्ये चालतं, आणि तयार झालेली गोष्ट ही एकच फाइल असते, ती कोणालाही पाठवता येते. दुसरं साधन म्हणजे इंक. केंब्रिजच्या इंकल या स्टुडिओनं स्वतःच्या गेमसाठी ते बनवलं आणि २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. इंकमध्ये लिहिलेली गोष्ट पुढं थेट युनिटीत जोडता येते, म्हणजे नमुन्यासाठी लिहिलेला मजकूर वाया जात नाही. इंकलचाच 'हेवन्स व्हॉल्ट' हा त्रिमितीय गेम (२०१९) इंकवर चालतो.

याचं लोकांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे नेटफ्लिक्सचा 'बँडरस्नॅच' (२०१८). प्रेक्षकानं निवड करत बघायचा तो सिनेमा. फाटे इतके झाले, की लेखक चार्ली ब्रुकर यांनी नेहमीची पटकथेची पद्धत सोडून तो ट्वाइनमध्ये मांडला. कॅमेरा लागण्याच्या आधी गोष्ट 'खेळून' बघता आली.

आता गाविलगड

उदाहरणच घेऊ. राजापेठेतून निघालं, परतवाड्यावरून घाट चढला, की चिखलदरा. आपल्यापैकी बहुतेकांनी तो किल्ला सहलीत पाहिलेला असतो. इतिहास थोडक्यात असा: नोव्हेंबर १८०३ मध्ये आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. मग आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढं वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन, गाविलगडावर आला. किल्ल्याची उत्तर बाजू पठाराला जोडलेली आहे, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं डोंगरातून तोफा ओढत तिकडून मारा केला. तटाला खिंडार पडलं आणि १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला, पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा बंद होता. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून तट चढली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला.

गेम करायचा म्हटलं की पहिली अडचण इथंच येते. शेवट सगळ्यांना माहीत आहे. किल्ला पडणार. मग खेळणाऱ्याच्या हातात काय द्यायचं? हा प्रश्न कितीही चांगल्या ग्राफिक्सनं सुटत नाही. मजकुरात मात्र तो एका संध्याकाळी तपासता येतो.

खेळणाऱ्याला आपण सेनापती करायचं नाही. तो पखालजी आहे. तलावावर पखाल भरायची आणि तटावर पाणी पोचवायचं. पहिलं पान असं लिहू:

*अंधार आहे. खांद्यावर भरलेली पखाल. डाव्या हाताला तट, आणि तटात काल नव्हतं ते खिंडार. त्यातून चांदण्या दिसतात. मागं, आतल्या किल्ल्याच्या दरवाज्याशी, मशाली हलताहेत. पायाशी एक जखमी माणूस ओठ हलवतोय. जमादार वरून ओरडतो, "पानी इकडे आन! काहून थांबला गा?"*

पर्याय तीन: जखमी माणसाला पाणी द्यायचं, जमादाराकडं वर जायचं, की पखाल तशीच घेऊन आतल्या किल्ल्यात घरच्यांकडं निघायचं. पाठीमागं एक आकडा ठेवायचा: पखालीत तीन जणांपुरतं पाणी. दिलं की एक कमी. कोणाला दिलं तेही लक्षात ठेवायचं. पुढं, दरवाजा बंद व्हायच्या वेळी, तुम्हाला ओळखणारा माणूस तिथं आहे की नाही, हे यावरून ठरेल.

किल्ला पडणार हे ठरलेलं आहे. पण तुमच्यासोबत दरवाज्याच्या आत कोण आलं आणि बाहेर कोण राहिलं, हे ठरलेलं नाही. चार लोकांना हे वाचायला द्या. तिसऱ्या निवडीला कोणी थबकलं, मागं जाऊन 'दुसरं केलं असतं तर काय झालं असतं?' असं विचारलं, तर तुमच्याकडं गेम आहे. सगळ्यांनी भराभर बटणं दाबली, तर नाही. दरवाज्याचा एकही दगड न घडवता हे कळलं.

मजकुरातून काय कळतं

पहिली गोष्ट, निवड खरी आहे की नावापुरती. तिन्ही पर्यायांनी तेच होणार असेल, तर वाचणारा दुसऱ्या खेपेला पकडतो.

दुसरी गोष्ट, माहितीचा क्रम. वरच्या पानात एक गोची आहे. गाविलगडाला बाहेरचा आणि आतला असे दोन भाग आहेत, हे ज्याला माहीत नाही त्याला तिसऱ्या पर्यायाचं वजनच कळणार नाही. म्हणजे या पानाच्या आधी एक साधी दिवसाची खेप हवी. ऊन, तलाव, पखाल भरणं, आतल्या दरवाज्यातून बाहेर येणं, पहारेकऱ्याशी दोन शब्द. त्रिमितीय गेममध्ये हे उशिरा लक्षात आलं, तर एक अख्खं दृश्य नव्यानं बांधावं लागतं. मजकुरात एक पान वाढतं.

तिसरी गोष्ट, फाट्यांचा खर्च. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय आणि अशा सलग दहा जागा असल्या, तर २ गुणिले २ असं दहा वेळा, म्हणजे १,०२४ शेवट होतात. कोणीच इतकं बांधू शकत नाही. म्हणून फाटे पुन्हा एकत्र आणावे लागतात. वाट कोणतीही घ्या, पहाटे सगळे आतल्या दरवाज्याशीच पोचतात. फरक राहतो तो लक्षात ठेवलेल्या गोष्टींत: पाणी किती उरलं, कोणाला दिलं, कोण तुम्हाला ओळखतो. ट्वाइनच्या नकाशावर हे डोळ्यांसमोर दिसतं. कुठं उगाच फाटा फुटलाय आणि कुठली वाट कोणी कधीच घेत नाही, ते बघून बांधायच्या दृश्यांची यादी छोटी करता येते.

मजकूर कुठं फसवतो

इथं सावध राहा, कारण मजकुरातला नमुना तीन ठिकाणी गोड खोटं बोलतो.

एक: तो पर्याय समोर मांडून ठेवतो. पानावर 'जखमी माणसाला पाणी द्या' असं लिहिलेलं आहे, म्हणून वाचणाऱ्याला ते सुचतं. हेडसेटमध्ये तसं काही लिहिलेलं नसतं. खेळणारा खिंडाराकडं बघत असेल, तर पायाशी पडलेला माणूस त्याला दिसणारसुद्धा नाही. म्हणून दुसरी फेरी पर्याय लपवून घ्यायची. तुम्ही वाचायचं, समोरच्याला विचारायचं, 'आता काय करता?' आणि तो म्हणेल त्यावरून पुढचं पान काढायचं. संगणकाच्या जागी पडद्याआड माणूस बसवून चाचणी घ्यायची ही पद्धत संशोधनात जुनी आहे. तिला 'विझार्ड ऑफ ऑझ' म्हणतात. अमरावतीकरांना तिची जातकुळी वेगळी समजावून सांगायची गरज नाही. गाडगेबाबांचं कीर्तन असंच चालायचं. बाबा समोरच्यांना साधे प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तराला धरून कीर्तन पुढं जाई.

दोन: तो मनातलं सांगून टाकतो. 'तुला भीती वाटली' हे तीन शब्द लिहायला काहीच लागत नाही. हेडसेटमध्ये ते दाखवायला आवाज, अंधार, श्वास, बरंच काही लागतं. यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक वाक्यापुढं खूण करायची: डोळा, कान, हात की मन. 'खिंडारातून चांदण्या दिसतात' म्हणजे डोळा. जमादाराची हाक म्हणजे कान. पखाल उचलणं म्हणजे हात. मनाची खूण आलेली वाक्यं वेगळी काढायची आणि प्रत्येकासाठी डोळा-कान-हातातला मार्ग शोधायचा. 'पखाल जड आहे' हे लिहायचं नाही, खेळणाऱ्याची चाल मंद करायची. पाणी किती उरलं हा आकडा दाखवायचा नाही, चालताना पाण्याचा आवाज बदलायचा. ज्या वाक्याला असा मार्ग सापडत नाही, ते कितीही आवडलं तरी गेममध्ये येणार नाही, हे आत्ताच मान्य करायचं.

तीन: वाचणाऱ्याकडं वेळच वेळ असतो. चहा घेऊन येऊन निवड केली तरी जमादार तिथंच थांबलेला असतो. खऱ्या गेममध्ये तो थांबणार नाही. म्हणून मोठ्यानं वाचताना पाचपर्यंत मोजा. पाच झाले, उत्तर आलं नाही, तर गप्प राहणं हीसुद्धा निवड धरा. अशी फेरी घेतली की निवडीचा रंग बदलतो.

आणि काही गोष्टी मजकूर सांगूच शकत नाही. दरीच्या काठावर उभं राहिल्यावर पोटात गोळा येतो का, दोन दरवाज्यांतलं अंतर चालताना कंटाळा येतो का, वळताना मळमळतं का. डोळे म्हणतात आपण हललो आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं नाही, या भांडणातून हेडसेटमध्ये मळमळ होते. त्यासाठी वेगळा नमुना लागतो: राखाडी ठोकळ्यांचा किल्ला, काहीही सजावट नसलेला, फक्त अंतर आणि उंची खरी. मजकूर आणि ठोकळे, दोन्ही कच्चे नमुने वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. एकाकडून दुसऱ्याचं उत्तर मागू नका.

शब्दांतून हेडसेटपर्यंत गेलेली एक गुहा

हा प्रवास पूर्ण केलेला एक गेम आहे. १९७६ मध्ये विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रॅमरनं एक मजकुराचा गेम लिहिला. त्याला गुहा धुंडाळायचा नाद होता आणि केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या एका भागाचे नकाशे त्यानं स्वतः केले होते. तीच गुहा त्यानं शब्दांत उतरवली. खेळणाऱ्यानं एक-दोन शब्दांची आज्ञा टाइप करायची आणि पुढच्या दालनात जायचं. १९७७ मध्ये डॉन वुड्सनं त्यात भर घातली. हाच 'कोलॉसल केव्ह'. २०२३ मध्ये केन आणि रोबर्टा विल्यम्स यांनी त्याचा त्रिमितीय अवतार काढला, हेडसेटवर चालणारासुद्धा.

सत्तेचाळीस वर्षांत काय टिकलं ते बघा: दालनांची जोडणी, वस्तू, कोडी, म्हणजे काय केलं की काय होतं याचे नियम. वर्णनाचं रूपांतर दृश्यात झालं. म्हणजे मजकुराच्या नमुन्यात जीव लावून जपायची गोष्ट ही नियमांची चौकट आहे. वाक्यं सुंदर नसली तरी चालतील.

मराठीत करताना

टाइप करून खेळायचा प्रकार इंग्रजीत लवकर रुजला त्याला भाषेचीही मदत झाली. 'ओपन डोअर' म्हटलं की क्रियापद आधी, नाम नंतर, आणि नामाचं रूप बदलत नाही. मराठीत 'दार उघड', 'उघड दार', 'दरवाजा उघड', 'दरवाज्यातून आत जा' हे सगळं बरोबर आहे. दरवाजाचा दरवाज्या होतो, किल्ल्यात होतं, तलावावर होतं, आणि वऱ्हाडी माणूस 'जमादाराले पानी दे' टाइप करणार. ही सगळी रूपं संगणकाला शिकवणं हे वेगळंच काम आहे. सुरुवातीला पर्यायवाला प्रकार घ्या, नाहीतर माणूस बसवून घ्या. माणसाला सामान्यरूप शिकवावं लागत नाही.

दुसरी अडचण अक्षरांची. ब्राउजर देवनागरी नीट दाखवतो, त्यामुळे ट्वाइनमध्ये त्रास नाही. युनिटीत मात्र वर्षानुवर्षं वापरात असलेला टेक्स्टमेश प्रो हा घटक देवनागरीची जुळणी स्वतःहून करत नाही. 'किल्ला' लिहिलं तर पहिली वेलांटी क-च्या उजवीकडं जाऊन बसते आणि ल्ल फुटतो. म्हणून मजकूर युनिटीत नेण्याआधी एक वाक्य टाकून बघा. शेवटी गेममध्ये बहुतेक शब्द ऐकूच येणार असतील, तर ही अडचण निम्मी आपोआप सुटते. आणि मग जमादाराचं वऱ्हाडी वऱ्हाडीच राहतं.

हे एवढं कशासाठी?

पैसा आणि वेळ वाचतो हे झालंच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. गाविलगडच्या लढाईचं बरंचसं तपशीलवार लिखाण जिंकणाऱ्यांच्या बाजूचं आहे. कोणती पलटण कुठून चढली ते सापडतं. आत पाणी कोण वाहत होतं ते नाही. आपला पखालजी कल्पनेतला आहे. मग त्याची भाषा, त्याचं घर, त्याचं वागणं आपण मनानं भरणार, आणि हेडसेटमध्ये भरलेली गोष्ट फार खरी वाटते. तिथून बाहेर पडलेल्या पोराला वाटेल की हे असंच झालं होतं.

म्हणून बांधण्याआधी कोणीतरी 'हे असं नसतं' म्हणायला हवं. चिखलदऱ्याचा गाइड, किल्ल्याच्या आसपास पिढ्यान् पिढ्या राहणारे गवळी आणि कोरकू, इतिहास शिकवणारे सर. यांतलं कोणी तुमची युनिटीची फाइल उघडणार नाही. तयार गेम दाखवला तर भिडेखातर 'छान आहे' म्हणतील, कारण एवढी मेहनत दिसत असते. पण चार पानं वाचून दाखवली, तर पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणेल, 'थांबा, रात्री त्या वाटेनं कोणी जाईल का?' ते पान फाडायला तुम्हाला काही वाटणार नाही, आणि त्यांना बोलायला संकोच वाटणार नाही. मेहनत जितकी दिसते तितकं लोक कमी बोलतात. कच्च्या नमुन्याचा कच्चेपणा म्हणूनच कामाचा आहे.

करून बघायचं असेल तर एका रविवारचं काम आहे. तुमच्या ओळखीची एक जागा घ्या. तिथं अडकलेला एक साधा माणूस घ्या, आणि त्याच्याजवळ संपत जाणारी एक गोष्ट: पाणी, तेल, वेळ, काहीही. तीन निवडी, सात-आठ परिच्छेद, बस्स. आधी ट्वाइनमध्ये दोघांना खेळायला द्या. मग तिसऱ्याला पर्याय न दाखवता मोठ्यानं वाचून दाखवा, पाचपर्यंत मोजा, आणि तो तुमच्या यादीत नसलेलं काय करायला बघतो ते वहीत लिहून ठेवा. बांधायची पहिली वस्तू कोणती, ते त्या वहीत सापडेल. दरवाजा असेलच असं नाही.